सैल पट्ट्याची भुलाबाई

जबलपुरात कमानिया गेटच्या तोंडाशी शिंगाड्यांच्या हातगाड्या लागल्या की मी कॅलेंडर बघायच्या भानगडीत पडत नाही. ओल्या पोत्यावर हिरव्या-जांभळ्या शिंगाड्यांचा ढीग, त्याला तळ्यातल्या चिखलाचा वास, आणि गाडीवाल्याचं ते दुपारभर पाणी शिंपडत बसणं. ऊन अजून चटका देत असतं. पण संध्याकाळी दार उघडं ठेवलं तर अंगणातून येणारी हवा निराळी असते, तिच्यात पावसाचा राग उरलेला नसतो. इथले लोक या दिवसांना दुर्गापूजेचे दिवस म्हणतात. चौकाचौकात मांडव पडतात, भोंगे लागतात. आमच्या घरात मात्र हा भुलाबाईचा महिना.

आमच्या घरात म्हणजे आमच्यासारख्या विदर्भातून आलेल्या चार घरांत. आजोबा इकडे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूर एका बाजूला गेलं आणि आम्ही दुसऱ्या. आजोबा म्हणायचे, "आम्ही कुठंच गेलो नाही बाप्पा, नागपूरच उठून गेलं." तर त्या उठून गेलेल्या नागपुराचं जे थोडं आमच्याकडे राहिलं, त्यात भुलाबाई होती. भादव्याच्या पुनवेला ती माहेरी येते आणि कोजागिरीला परत जाते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, मांडीवर मातीचाच गणपती. संध्याकाळी पोरींचा घोळका घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतो. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणते, तो कानाशी धरून हलवते आणि विचारते, खिरापत ओळखा. आवाजावरून ओळखायचं. फुटाणे खळखळतात, करंज्या दबक्या आवाजात आपटतात, लाडू गडगडतो. ओळखता आलं नाही तर "हरलो" म्हणायचं, मगच झाकण उघडतं.

आता आमच्या गल्लीत भुलाबाई कुणी मांडत नाही. मी मांडते. पोरी येत नाहीत आणि मी कुणाला बोलवायलाही जात नाही. एक-दोन मराठी घरांत मुली आहेत, पण त्यांना मी मराठीत काही विचारलं की "जी आंटी" असं उत्तर येतं. त्यांचा काय दोष? गाणी शिकवायला आया घरात असाव्या लागतात. मी एकटीच दिवा लावते, आणि कोजागिरीच्या संध्याकाळी कपाटावरून टेपरेकॉर्डर खाली काढते. तो खाली काढताना दर वर्षी कंबर धरते आणि दर वर्षी बाबांची एक शिवी आठवते. ती इथे लिहिण्यासारखी नाही.

टेपरेकॉर्डर म्हणजे ते मोठं धूड. दोन चकत्यांवर फीत गुंडाळायची, या चकतीवरची त्या चकतीवर जाते. झाकण बंद केलं की सुटकेस दिसते. फॅक्टरीतला कुणी साहेब बदली होऊन चालला होता, त्याच्याकडून बाबांनी तो घेतला होता. बाबा फॅक्टरीत मापं तपासायच्या खात्यात होते. तयार झालेला भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते गेज लावायचे, बरोबर असला तर पुढे पाठवायचे. केसाएवढा फरक असला तरी त्यावर लाल खूण. लाल मेणाची पेन्सिल कायम त्यांच्या खिशात. घरीही असायची. पोळपाट डगमगला, त्यावर लाल खूण. माझ्या फ्रॉकचं एक टोक खाली आलं, त्यावर लाल खूण. आई म्हणायची, "मलेही एक करून टाका, म्हणजे सुटली मी." हसायची आणि स्वयंपाकघरात जायची.

या यंत्राशी आईचं जमलं नाही. त्याला एक लाल दिवा होता. आवाज भरून घेणं सुरू झालं की तो लागायचा. दिवा लागला की आई मुकी व्हायची. नुसती गप्प नाही, तोंडावर पदर धरून उभी राहायची, जणू कुणी फोटो काढतंय आणि तिचे दात पुढे आहेत. मी बोलायचे, भाऊ बोलायचा, आजोबा खाकरायचे, आणि त्या सगळ्यात आई कुठेच नसायची. बाबांनी किती आर्जवं केली. "अगं, दोन शब्द बोल न." ती मानेनंच नाही म्हणायची. ज्या बाईचा आवाज भांडताना चार घरं पलीकडे जायचा, तिनं यंत्रापुढे मात्र कधी तोंडातून ब्र काढला नाही.

तेव्हा बाबांनी एकदाच चोरी केली. कोजागिरीला भुलाबाईवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. आमचे धांडे सिहोऱ्याच्या बाजारातून यायचे, बसच्या टपावर बांधून. पानांसकट हिरवे, उंच. त्या पानांत बाबांनी माइक लपवला, वायर जाजमाखालून आतल्या खोलीत नेली, आणि लाल दिव्यावर उशी टाकून स्वतः दाराआड बसून राहिले. भुलाबाईपाशी पुरुषांचं काम नसतं. त्यामुळे तिकडे कुणी बघितलं नाही. आम्ही गाणी म्हटली, आईनं डबा आणला, हलवला, आम्ही ओळखत राहिलो. सगळं फितीवर उतरलं.

दुसऱ्या दिवशी आईला कळलं. ती रागावेल असं वाटलं होतं, ती रडवेली झाली. "काहून केलं असं? माझा आवाज काय ऐकण्यासारखा आहे?" बाबांनी शपथ घेतली की ती आहे तोवर ही फीत वाजवणार नाही. ते मापाचे पक्के, तसे शब्दाचेही. फीत डब्यात गेली. मग मी कॉलेजात असताना आईच गेली. शपथ सुटली, पण बाबांना धीर होईना. "पाहू पुढच्या वर्षी," म्हणत म्हणत आजोबा गेले, भाऊ पुण्याला गेला, कॅसेटी आल्या, कॅसेटीही गेल्या. फीत तिच्या डब्यात तशीच होती.

मी सांगते आहे तो हंगाम त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. मी शाळेतून निवृत्त झाले होते, बाबा ऐंशी ओलांडून गेले होते. घरात आम्ही दोघंच. एका सकाळी अंगणात चहा पीत असताना बाबा म्हणाले, "यंदा चिमण्या नाहीत काय गं?"

भिंतीवर चिमण्यांचा नुसता कलकलाट होता. मी म्हटलं, "कमी झाल्यात बाबा."

कानाच्या डॉक्टरनं पुढं काय ते सांगितलं. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात. पाखरांचे, लहान मुलांचे, बायकांचे. जाड आवाज उशिरापर्यंत राहतात, ढोल तर शेवटपर्यंत. बाबांचे आता झपाट्यानं चालले आहेत, आज आहे तेवढं वर्षभरानं राहील असं नाही. कानातलं यंत्र दिलं. ते बाबांच्या कानात शिट्ट्या मारायचं, म्हणून ते टेबलाच्या खणात राहायला गेलं. माझा आवाज त्यांना ऐकू यायचा, कारण चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य घालवून तो फाटून जाड झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा कुणाला उपयोग झाला.

दवाखान्यातून आल्यावर बाबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "सुमे, ती भुलाबाईची टेप काढ. तिचा आवाज जाईल आता माझ्या कानातून. त्याच्या आधी एकदा ऐकायचा आहे मले."

यंत्र खाली काढलं. प्लग लावला. आतली मोटर गुरगुरली, पण चकत्या जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ते रिक्षात घालून कमानियाच्या आतल्या गल्लीत रज्जू भैयाकडे नेलं. रज्जू भैया म्हणजे उत्साहाचा डोंगर आणि कामाचा खड्डा. त्याच्या दुकानात पंखे, मिक्सर, रेडिओ सगळे पोट उघडून पडलेले असत आणि सगळ्यांना तो "बस, शाम तक" म्हणत असे. त्यानं पेच काढले, आत बोट घातलं आणि काळं, चिकट काहीतरी ओढून काढलं.

"दीदी, इसका बेल्ट तो गुड़ हो गया!"

खरंच गुळासारखं लोंबत होतं. त्यानं समजावलं ते असं. मोटर आणि आतलं जड चाक यांच्यामध्ये एक रबरी पट्टा असतो. पट्टा चाकाला फिरवतो, चाक फितीला ओढतं. पट्टा ताठ हवा, बरोबर लांबीचा हवा, तर फीत बरोबर वेगानं चालेल. मी म्हटलं, मग नवा घाल. तो हसला.

"कंपनी ही बंद हो गई दीदी, बेल्ट क्या आसमान से टपकेगा? पर आप फिकर मत करो. अपन हैं न."

त्यानं सायकलच्या ट्यूबची एक पातळ कड कापली, दोन टोकं चिकटवली आणि बसवली. चकत्या फिरायला लागल्या. मी टाळी वाजवायची तेवढी बाकी होती. घरी आणून बाबांसमोर ठेवलं. मी फीत लावणार, तर बाबा म्हणाले, थांब. त्यांनी एक रिकामी चकती लावली, तिच्या कडेला खूण केली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरलं आणि फेरे मोजायला लागले. ओठ हलत होते. मला माहीत होतं काय होणार ते.

"काहून आणलं हे? स्पीड कमी आहे. पट्टा सैल आहे, घसरून राहिला."

"थोडाच कमी आहे बाबा. एकदा ऐका तर."

"थोडा म्हणजे? कमी म्हणजे कमी. आवाज जाड होते याच्यानं, बाईचा बाप्याचा होऊन जाते. इतकी वर्षं ठेवली ती काय अशी वाकडी ऐकायला? काढ तो."

मी पट्टा काढून हातात दिला. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती, पेन्सिल होतीच. पट्ट्यावर लाल खूण केली. नापास.

मी चिडले, पण मनातून मला ते पटलंही. आईचा आवाज माझ्याही आठवणीत शिल्लक होताच. पाण्याच्या घड्यावर नखानं टिचकी मारावी तसा स्वच्छ. तो बिघडलेला पहिल्यांदा कानावर पडला, तर आठवणीतलाही बिघडेल अशी भीती मला वाटली. पुण्याहून भाऊ म्हणाला, फीत मुंबईला पाठवून द्या, तिथे उतरवून देतात. बाबांनी ऐकूनच घेतलं नाही. "पोस्टात हरवली तं? माणूस गेलं ते गेलं, आवाजही पाठवून देऊ?"

म्हणून तो सगळा भुलाबाईचा महिना मी पट्टा शोधत हिंडले. संध्याकाळी घरी येऊन मातीच्या भुलाबाईपुढे दिवा लावायचे आणि बाबा खुर्चीतून भुवया उडवून विचारायचे, मिळाला? मी मानेनं नाही म्हणायचे. ते म्हणायचे, "चलो, उद्या." रोज त्यांच्याशी बोलताना मला आवाज थोडा थोडा चढवावा लागायचा. कुणी रोज थोडी वाळू उपसून नेतंय आणि आपण काठावर उभे आहोत, असे ते दिवस होते.

रज्जू भैयावर लाल खुणेचा परिणाम झाला होता. "दीदी, आवाज तो आ रही थी न? भारी है तो भारी सही!" तो कुरकुरला. पण त्यानंच सांगितलं की सिहोऱ्यात एका माइकवाल्याकडे असंच यंत्र होतं. लग्नामुंजीत भोंगा लावायचा, त्या माइकवाल्याचा मुलगा आता डीजे चालवतो.

सिहोऱ्याला गेले. बाजाराचा दिवस होता, बसमध्ये धान्याच्या गोण्यांवर पाय ठेवून बसावं लागलं. डीजेवाल्याच्या गोदामात माणसाहून उंच काळे बॉक्स एकावर एक रचलेले. तो बिचारा माझ्यासाठी माळ्यावर चढला, उंदरांच्या लेंड्या झाडत यंत्र खाली घेऊन आला. तेच, अगदी तेच. त्यानं उघडलं तर आत तोच काळा गूळ.

"आंटी, ये तो हमने बीस साल से छुआ भी नहीं!" तो म्हणाला.

त्या रबराला वापरलं तरी मरण आणि न वापरलं तरी मरण. मी त्या काळ्या चिकट धाग्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं की जपून ठेवलं म्हणजे राहतं. बाबांनीही तेच धरलं होतं, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत. परतताना स्टँडजवळ ज्वारीचे हिरवे धांडे दिसले, कुणीतरी जनावरांसाठी भारा आणला होता. मी त्यातले पाच मागून घेतले. हात हलवत घरी जायची इच्छा नव्हती, एवढंच.

बाबांनी दारातच पाहिलं. "पट्टा आणाले गेली अन् धांडे घेऊन आली. शाबास!" पण त्यांना बरं वाटलं. आई गेल्यापासून आमच्या भुलाबाईवर मांडव झाला नव्हता. त्यांनी स्वतः सुतळीनं पाच धांडे बांधले. बांधता बांधता एका पानाच्या बेचक्यात बोट ठेवून म्हणाले, "इथं होता माइक." मग दुसरीकडे बघून नाक शिंकरलं.

डीजेवाल्यानं आणखी एक ठिकाण सांगितलं होतं. जंगलाकडच्या शाळांना कधीकाळी अशी यंत्रं वाटली होती, मुलांना शुद्ध उच्चार शिकवायला. त्यातलं एक कुंडमला एका जुन्या गुरुजींकडे असावं. कोजागिरी तोंडावर आली होती. मी कुंडमची बस धरली. रस्ता साल वृक्षांच्या जंगलातून जातो. आत ऊन इतकं हिरवं होऊन येतं की खिडकीतल्या सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. मी त्या काचेत माझा चेहरा पाहिला आणि आईच्या वयाची केव्हाच होऊन पुढे गेले आहे हे मला त्या दिवशी नीट समजलं. आई या वयाला पोचलीच नाही.

गुरुजी ओसरीवर बसून शिंगाडेच सोलत होते. शाळेनं मोडीत काढलं तेव्हा त्यांनी यंत्र घरी आणलं होतं आणि आता त्यावर टीव्ही उभा होता. टीव्ही उतरवायला ते तयार नव्हते, क्रिकेट चालू होतं. पण यंत्राबरोबर आलेली कातडी पिशवी त्यांनी खुंटीवरून काढून दिली. आत एक कागदी पुडी. पुडीत पांढरी पावडर, आणि पावडरीत नवाकोरा पट्टा. पावडरीमुळे तो राहिला होता. मऊ, काळा, ताणला की परत जागेवर येणारा.

गुरुजींनी टीव्हीकडे पाहतच म्हटलं, "ले जाइए, ले जाइए. टीवी तो बेल्ट के बिना भी इस पर खड़ा रहेगा."

परतीच्या बसमध्ये मी ती पुडी मुठीत धरून बसले. घाम लागून पावडर बोटांना लागली. मी मनातल्या मनात आईशी बोलत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. थांब, म्हणत होते, आलेच.

कोजागिरीला रज्जू भैया घरी येऊन पट्टा बसवून गेला. बाबांनी घड्याळ लावून फेरे मोजले. पुन्हा मोजले. "बरोबर," म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून फार कमी यायचा. बाहेर चंद्र नुकताच समोरच्या टाकीवर आला होता. मी दूध उकळायला ठेवलं होतं ते उतरवलं, त्यांच्या खुर्चीसमोर यंत्र ठेवलं, आवाजाचा खुंटा पूर्ण फिरवला आणि फीत लावली.

आधी खरखर. मग टिपऱ्या. मग आमची गाणी, पोरींचे पातळ किनरे आवाज, त्यात एक बेसूर, तो माझा. आणि मग आई.

"चला, ओळखा बरं पोरीहो!"

तीच. घड्यावरची टिचकी. जराही बिघडलेली नाही, जराही जुनी झालेली नाही. ती शेजारच्या खोलीतून बोलावी तशी बोलत होती. मी तोंडावर पदर घेतला. तिच्यासारखाच.

मग मी बाबांकडे पाहिलं. ते पुढे वाकून बसले होते, एक तळहात कानामागे. डोळे यंत्रावर नव्हते, माझ्या चेहऱ्यावर होते.

"सुरू झाली काय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बोलली ती?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी कान यंत्राला लावला. अगदी चिकटवला, गाल त्या जाळीवर दाबला गेला. आई बोलत होती, पोरी ओरडत होत्या, आणि ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. "मोटर येऊन राहिली ऐकू," ते म्हणाले. "नुसती मोटर." मग सरळ बसले. "बारीक होता न तिचा आवाज. मीच म्हणायचो, काय बारीक बोलतेस म्हणून."

मी यंत्र बंद केलं. एवढ्या वणवणीनंतर जे बरोबर मिळालं होतं ते माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं, आणि ज्यांच्यासाठी ते शोधलं ते समोर रिकाम्या हातांनी बसले होते. मला माझ्या कानांचीच चीड आली. दुधावर साय धरत होती.

तेव्हा मला रज्जू भैयाचं वाक्य आठवलं. भारी है तो भारी सही.

मी खणातून तो पट्टा काढला. सायकलच्या ट्यूबचा, लाल खुणेचा. बाबांसमोर धरला आणि त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं, "बाबा, हा रिजेक्ट माल लावू का?"

ते खुणेकडे पाहत राहिले. सगळ्या नोकरीत एकदा लाल केलेली वस्तू त्यांनी परत घेतली नव्हती. साहेबांनी सांगितलं तरी घेतली नव्हती, त्यापायी बढती गेली होती. मी हे ऐकत लहानाची मोठी झाले.

"लाव," ते म्हणाले.

पेच काढायला आणि लावायला मला वेळ लागला. चकत्या फिरल्या, आळसावून, घसरत. टिपऱ्या हळू पडायला लागल्या. आमची गाणी जड झाली, पोरी म्हाताऱ्या झाल्या. आणि मग एक जाड, सावकाश, कुणा पोक्त बाईचा म्हणावा असा आवाज आला.

"चला... ओळखा... बरं... पोरीहो..."

बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला.

"आली," ते म्हणाले. "आली, सुमे."

ती आई नव्हती. माझी तर नव्हतीच. पण शब्द तिचे होते, थांबणं तिचं होतं, "बरं"वरचा हेल तिचा होता. बाबांनी तेवढ्यावरून तिला ओळखलं. पोरी ओळखत होत्या, लाडू, फुटाणे, करंज्या, आणि आई दर वेळी "ऊंहूं" म्हणत होती. ते "ऊंहूं" ऐकून बाबा रडत होते आणि हसतही होते. "अशीच म्हणायची. मी काही मागितलं की अशीच."

मग फितीवर सगळं शांत झालं. बाबा दचकले. "गेला काय आवाज?"

"नाही बाबा. आई डबा हलवते आहे."

"मले नाही आला ऐकू."

"मलाही नाही आला. डबा वाजतच नाही. तिनं न वाजणारं काहीतरी ठेवलंय आत."

त्यांना ते समजायला एक क्षण लागला. मग चेहरा असा उजळला, जशी एखाद्याची शिक्षा माफ व्हावी. "म्हणजे कोणालेच नाही आला? तुले बी नाही?" मी नाही म्हटलं. "लबाड," ते आईला म्हणाले.

फितीवर आई म्हणाली, "हरल्या... का...?" आणि आम्ही सगळ्या पोरी ओरडलो, नाही! त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. तेवढ्यात फीत संपली. सुटं टोक चकतीवर फट् फट् आपटत राहिलं. डब्यात काय होतं ते फितीवर नाही. मलाही आठवत नाही, कितीदा डोकं खाजवलं तरी. शिरा असेल, साटोऱ्या असतील.

बाबा त्या आपटणाऱ्या टोकाकडे पाहत म्हणाले, "हरलो बाई. सांग आता."

मग गार झालेलं दूध प्यायलो आम्ही. बाबा म्हणाले, "काखेत कळसा न् गावाला वळसा," आणि बराच वेळ लाल खुणेवर अंगठा फिरवत बसले. पुसली मात्र नाही. चूक ती चूक.

त्यानंतर ते आणखी काही कोजागिऱ्या होते. आमचा नेम झाला. धांडे, दिवा, दूध, सैल पट्टा. पुढे पुढे तो जाड आवाजही त्यांच्या कानातून उतरला. मग ते यंत्राच्या अंगावर तळवा ठेवून बसायचे, आतली थरथर हाताला लागायची तेवढ्यासाठी. आणि फितीचं टोक आपटताना दिसलं की, कुणी खूण न करता, न चुकता म्हणायचे, हरलो बाई, सांग आता. शेवटच्या वर्षी ते बिछान्यातून म्हणाले.

काल कोजागिरी होती. मी दोन्ही पट्टे समोर घेऊन बसले. एक पावडरीतला, बरोबर मापाचा. तो लावला की आई माझी आई होते, आणि आता मला अडवणारं घरात कुणी नाही. मी तो हातात घेतला, ताणून पाहिला, आणि पुडीत परत ठेवला. लाल खुणेचा बसवला.

टिपऱ्या हळू पडल्या. ओळखा बरं, म्हणाली. लाडू, फुटाणे, करंज्या. ऊंहूं. डबा हलला, वाजला नाही. मग तिनं विचारलं, आणि मी फितीवरून सगळ्यांच्या वरताण ओरडले, नाही! टोक फट् फट् आपटायला लागलं. मी सवयीनं खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीत कुणी नव्हतं, आणि कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"हरले, आई," मी म्हटलं. "सांग आता."